अडतीस डबे, तीन गाड्या आणि एक मंडप

२०२५ च्या महालक्ष्म्या. आवाहन रविवारी झालं, जेवण सोमवारी १ सप्टेंबरला, आणि त्या दिवशी आमच्याकडे अडतीस घरांचे डबे होते. आई आणि मावशी इंदुरातल्या लोकमान्य नगरच्या घरातूनच ऑर्डरी घेतात. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, आंबील, वडे, पंचामृत असा पूर्ण नैवेद्याचा डबा. दिवाळीचा फराळ एखादा दिवस मागेपुढे झाला तरी चालतं, नैवेद्याचं तसं नसतं. साडेबारा झाले आणि डबा आला नाही की तिकडे महालक्ष्म्यांसमोर केळीची पानं मांडून ठेवलेली असतात, आणि त्या घरातल्या सासूबाईंचा फोन थेट मला येतो, कारण ऑर्डरी आणि फोन हे माझं खातं.

अडतीसपैकी दहा डबे उशिरा पोचले. रात्री आई काही बोलली नाही, पुरणयंत्र घासत बसली, आणि आई काही बोलत नाही म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मग मी वही काढली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे "पोचलं" वाले मेसेज आणि माझ्या फोनची कॉल लिस्ट बघून कुठला डबा किती वाजता गेला ते एकेक करून लिहून काढलं. खरं सांगायचं तर लिहायला घेतलं तेव्हा मनात निकाल आधीच लागलेला होता, की फोनवरच्या मॅपच्या नादी लागलेली पोरं चुकली आणि आठवणीवर गाडी चालवणारा जुना माणूस बरोबर निघाला. वहीत तसं काही निघालं नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गाड्या तीन होत्या. पहिली नानामामाची जुनी ओम्नी. नानामामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, वय सहासष्ट, आयुष्यभर दवा बाजारातल्या, म्हणजे औषधांच्या ठोक बाजारातल्या, एका एजन्सीचा टेम्पो चालवला, फोन बटणांचा. त्याच्याकडे जुनं इंदूर दिलं, मल्हारगंज, बडा गणपती, रामबाग, नारायण बाग, छत्रीबाग, जूनी इंदौर, पलसीकर, तेरा घरं. दुसरी माझ्या मावसभावाची अ‍ॅक्टिव्हा, वय बावीस, जन्म इंदूरचा, त्याच्याकडे साकेत, तिलक नगर, बंगाली चौराहा आणि कनाडिया रोड, नऊ घरं. तिसरी भाड्याची ईको आणि तिचा ड्रायव्हर, बऱ्हाणपूरचा मुलगा, मराठी छान बोलतो थोडी खानदेशी वळणाची, पण इंदुरात येऊन जेमतेम महिना झालेला. त्याच्याकडे मालवा मिल, पाटनीपुऱ्यापासून पुढे सुखलिया, विजय नगर, स्कीम ५४, ७४, ७८ या कॉलन्या आणि महालक्ष्मी नगर, सोळा घरं. (हो, इंदुरात महालक्ष्मी नगर नावाची कॉलनी आहे, आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी "महालक्ष्मीचा डबा महालक्ष्मी नगरला" हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा बोलले की शेवटी माझं मलाच हसू यायला लागलं.)

म्हणजे एक आठवणीवर, एक फोनवर पण घरच्या गावात, आणि एक फोनवर आणि परक्या गावात. उशीर झालेले डबे असे, नानामामाचे दोन, मावसभावाचा एक, ईकोचे सात.

आता सात हा आकडा बघितला की वाटतं झालं, फोनने घात केला. पण ते सात डबे एकाच ठिकाणी उशिरा झाले. दहा पंचावन्नपर्यंत त्याचे तीन डबे वेळेत गेले होते. मग पाटनीपुऱ्याहून सुखलियाकडे निघाला, मॅपने नंदानगरच्या आतून काढलं, आणि एका गल्लीत शिरल्यावर समोर गणपतीचा मंडप. गल्लीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचा, बाजूने फक्त दुचाकी निघेल एवढी फट. मागे तोवर एक रिक्षा आणि एक दुधाची गाडी येऊन लागलेली. अकरा पाच ते अकरा चाळीस तो तिथे होता. पस्तीस मिनिटं, ईकोत तेरा गरम डबे.

हा गल्लीत शिरलाच कसा ते शोधायला मला दोन दिवस लागले आणि उत्तर आमच्याच घरात निघालं. सकाळी घाईत सगळी लोकेशन्स त्याच्या फोनमध्ये मावसभावाने टाकून दिली होती, आणि स्वतः अ‍ॅक्टिव्हावाला असल्यामुळे सवयीने दुचाकीचा मोड लावून दिला. हा मोड गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये भारतातच पहिल्यांदा आणला, आपल्याकडच्या बोळांसाठीच, कारने जिथून जाता येत नाही असे शॉर्टकट त्यात दाखवतात. आणि गंमत अशी की जुलै २०२४ मध्ये चारचाकीला अरुंद रस्ते टाळून नेणारी सोय सुरुवातीला ज्या आठ शहरांत दिली त्यात इंदूर होतं. म्हणजे ज्या गोष्टीपासून वाचायची व्यवस्था फोनमध्ये होती ती आम्ही एका बोटाने बंद करून ड्रायव्हरच्या हातात दिली. मॅपच्या हिशेबाने ईको ही दुचाकी होती आणि दुचाकीला तो रस्ता बरोबरच होता.

मंडपाचं मात्र वेगळं आहे. रस्ता चालू आहे की तुंबलाय हे अ‍ॅपला कळतं ते मुख्यतः रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून. बर्लिनमध्ये २०२० साली सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन एका हातगाडीत भरून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली आणि मॅपवर तो रस्ता लाल झाला, ट्रॅफिक जॅम. आमच्या गल्लीत त्याच्या उलटं झालं असणार असा माझा अंदाज आहे. फटीतून बाइकवाले मजेत जात होते, त्यांचे फोन हलत होते, म्हणजे रस्ता चालू. मंडप काही फोन घेऊन फिरत नाही.

त्या पस्तीस मिनिटांत काय झालं ते कॉल लिस्टमध्ये आहे आणि ते वाचायला मला अजून लाज वाटते. मी त्याला सात फोन केले. "कुठे आहेस? अजून किती वेळ? सुखलियावाल्या काकूंचा फोन आलाय." तो मागे घेत बाहेर निघायच्या प्रयत्नात, फोन डॅशबोर्डवर, आणि माझा कॉल आला की मॅप जातो मागे आणि आवाजातल्या सूचना बंद. पुढे एक वळण त्याचं असंच चुकलं, अगदी माझ्याशी बोलताना, अकरा एकोणपन्नासला. ड्रायव्हरने हातातला फोन फक्त रस्ता बघायला वापरावा आणि तोही लक्ष विचलित न होता, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, आणि इथे मालकीणबाईच त्याला नियम मोडायला लावत होत्या.

शेवटी मी कॉन्फरन्सवर नानामामाला घेतलं. नानामामाने ओम्नी बाजूला लावली (हे तो नेहमी करतो, चालवताना फोन घेत नाही) आणि विचारलं, "समोर काय दिसतंय?"

"मंडप."

"मंडप मलाही कळला रे. डाव्या हाताला काय आहे? मेडिकल आहे का एखादं?"

मेडिकल होतं. बोर्ड वाचून दाखवला. नानामामा म्हणाला, "हां, मग मागे घे, दुसऱ्या गल्लीत उजवीकडे शीर, शेवटाला हँडपंप येईल, तिथून मोठा रस्ता." आणि तसंच निघालं, हँडपंप नव्हता, पण हँडपंपाचा चौथरा होता.

आता इथे नानामामाची आठवण कशी आहे ते कळतं. त्याच्या डोक्यात इंदूरचा नकाशा नाहीये, इंदुरातल्या मेडिकल स्टोअरांची यादी आहे, तीसेक वर्षं तो रोज तिथेच माल उतरवत होता. रस्ता म्हणजे त्याच्यासाठी एका मेडिकलपासून दुसऱ्या मेडिकलपर्यंतची जागा. नंदानगर त्याच्या यादीत होतं म्हणून सुटका झाली. पुढे ड्रायव्हरने विचारलं की नानाजी, स्कीम ७८ ला इथून कसं जाऊ, तर नानामामा म्हणाला, "ते तू तुझ्या फोनला विचार बाबा, माझ्या वेळी तिकडे शेतं होती."

आणि नानामामाचे स्वतःचे दोन डबे का उशिरा गेले? त्यातला एक तर शुद्ध आठवणीचाच बळी. बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री हा रस्ता काही वर्षांपूर्वी रुंद झाला, कडेच्या घरांचे पुढचे भाग गेले. त्या बाजूच्या एका गल्लीत शिरायची नानामामाची खूण होती एका मेडिकलचा लांब ओटला, म्हणजे आपला ओटा, त्यावर तो खोकी ठेवायचा आणि चहा प्यायचा. ओटला रस्त्यात गेला, दुकान हललं, आता तिथे शटर आहे आणि वर मोबाइल रिपेअरिंगचा बोर्ड. रुंदीकरणानंतर नानामामा त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलाय, पण सरळ गेलाय, त्या गल्लीत वळायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी तो तीनदा पुढे गेला आणि तीनदा परत आला, आणि कोणाला विचारलंही नाही. मी म्हटलं, मामा विचारायचं ना कोणालातरी, तर म्हणाला, "मी? मल्हारगंजात पत्ता विचारू?" वीस मिनिटं त्या एका वाक्याची आहेत. दुसरा डबा त्याच्यामागे आपोआप उशिरा गेला.

बाकी अकरा घरं मात्र त्याने अशी केली की बघत राहावं. तिथे मॅपवरची पिन कामाचीच नव्हती. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाचेक मीटरच्या आत बरोबर सांगतं, पण जुन्या गल्ल्यांत दोन्ही बाजूला तीन-चार मजली घरं, उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून फिरून येतो आणि पिन सरकते, आणि तिथे सरकणं म्हणजे पाठीला पाठ लावून असलेल्या घरातून मागच्या गल्लीत जाणं. चालत जायला बारा पावलं, गाडीने वळसा केवढा. वरून पत्ते तसेच, "वाड्याच्या आत, तुळशीच्या बाजूचा जिना, वरचा मजला". हे कुठलं अ‍ॅप सांगणार.

मावसभावाचा एक डबा उशिरा गेला त्याचं कारण लोकेशनच, पण उपग्रहाची चूक नाही. त्या ताईंनी मला आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर करंट लोकेशन पाठवलं, पाठवलं ते पलासियाला खरेदीला गेल्या होत्या तिथून. घर कनाडिया रोडला. तो इमानदारीत साड्यांच्या दुकानासमोर नैवेद्य घेऊन उभा.

यानंतर जे केलं ते खरं तर मजा म्हणून केलं. अनंत चतुर्दशी झाल्यावर तिघांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू आणि पेन दिले, म्हटलं त्या दिवशी गेलात तो रस्ता काढून दाखवा, फोन न बघता. नानामामाने रस्ते असे काढले की कुठलाच कोन बरोबर नाही, रामबाग पलसीकरपेक्षा चौपट मोठं, पण अकरा वळणं क्रमाने बरोबर आणि प्रत्येक वळणावर एक चौकोन, मेडिकल.

मावसभावाने पेन घेतलं, घर काढलं, एक रेघ ओढली आणि थांबला. गीता भवन पलासियाच्या कुठल्या बाजूला येतं हे त्याला सांगता येईना. बावीस वर्षं इंदुरात, कॉलेजला रोज तिथूनच जातो. "मला माहितीये गं, म्हणजे गेलो की कळतं." खोटं नव्हता बोलत, नऊपैकी आठ डबे वेळेवर दिले होतेच की.

सगळ्यात बघण्यासारखा होता तो बऱ्हाणपूरच्या मुलाचा नकाशा. आपल्या घरापासून पाटनीपुऱ्यापर्यंत एक लांब सरळ रेघ, मध्ये काहीच नाही, जणू विमानाने गेला. मग अचानक नंदानगर, आणि तिथे काय एकेक तपशील! मंडप, मेडिकल, कुठल्या घरासमोर स्कूटर लावलेली, हँडपंपाचा चौथरा, दुधाची गाडी कुठे उभी होती, नाली कुठून जाते. पत्रिकेचा अर्धा कागद त्या एका गल्लीने खाल्ला. मग पुन्हा विजय नगरपर्यंत सरळ रेघ. जिथे मॅपने हात सोडला तेवढंच इंदूर त्याच्या डोक्यात शिरलं होतं.

याच्यावर अभ्यास झालेले आहेत. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचं लायसन्स हवं तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले साधारण २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की अशा ड्रायव्हरांच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि रस्ते लक्षात ठेवायला लागतो त्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. पण मला आमच्या पत्रिकांशी जास्त जुळलं ते २०१७ चं, लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजचं. चोवीस जणांना स्कॅनरमध्ये झोपवून सोहो भागातून खोटा प्रवास करवला. स्वतः रस्ता शोधत होते तेव्हा नवीन रस्त्याला लागलं की हिपोकॅम्पसमध्ये हालचाल उसळायची, आणि नुसतं सांगितलेल्या वळणावर वळत होते तेव्हा ती उसळी दिसलीच नाही. कॅनडातल्या दहमानी आणि बोहबोट यांनी २०२० मध्ये लिहिलंय की जीपीएस जास्त वापरणाऱ्यांची जागेची आठवण तीन वर्षांत जास्त उतरली, पण त्यांच्याकडे माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावरून मी मावसभावाला घाबरवणार नाही. तो तसाही घाबरत नाही.

मग दिवाळीला आम्ही काय बदललं. मोड तपासणं हे तर आलंच. पिन कोणाचीही आली तरी आदल्या संध्याकाळी मावशी फोन करून विचारते, "घरातूनच पाठवलंत ना? आणि खूण काय?", आणि खूण वहीत जाते. आणि मी गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन करत नाही, त्यानेच डबा दिला की "पोचलं" टाकायचं, न टाकलं तर मी नखं खात बसते पण फोन करत नाही. हे तिन्ही नियम पाळायला सोपे निघाले, तिसरा माझ्यासाठी सोडून.

चौथी गोष्ट नानामामाने सुचवली, तीसुद्धा टोमण्यासारखी. म्हणाला तुमचा फोन एका वेळी एकच वळण दाखवतो, मग माणसाला गाव कसं कळणार. तर निघायच्या आधी दहा मिनिटं ड्रायव्हरला चहा देऊन बसवायचं, मॅप पूर्ण लहान करून सगळ्या पिना एकदम दाखवायच्या आणि क्रम त्यालाच लावायला सांगायचा, कागदावर, हाताने. फोन जो क्रम लावतो तो नाही घ्यायचा. मला वाटलं होतं वेळ जाईल. पण तो मुलगा बोट फिरवत म्हणाला, "म्हणजे हे सुखलिया विजय नगरच्या बाजूलाच आहे? मी तर त्या दिवशी रिंग रोडवरून फिरून गेलो." महालक्ष्म्यांच्या दिवशी तो त्या दोन कॉलन्यांमध्ये तीनदा आला-गेला होता आणि त्या शेजारी आहेत हे त्याला दीड महिन्याने चहा पिताना कळलं.

ऑक्टोबरच्या मध्यात फराळाचे बॉक्स होते, बेचाळीस घरं. नैवेद्यासारखी वेळेची सक्ती नव्हती त्यामुळे आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, तरी ईको अठरा घरं करून दोन वाजता परत आली आणि एकही चुकीचा दरवाजा वाजवला नाही. नानामामाने मल्हारगंजात पत्ता विचारला नाही, पण मोबाइल रिपेअरिंगवाल्याशी ओळख काढली, आता ती त्याची खूण आहे.

त्या दिवशी मी ईकोत पुढच्या सीटवर होते, मांडीवर चकल्यांचे डबे. पाटनीपुऱ्याहून पुढे निघालो, मोड चारचाकीचा, मी स्वतः तीनदा बघितलेला. नंदानगरजवळ फोनने डावीकडे वळायला सांगितलं. त्याने ऐकलं, आरशात बघितलं आणि सरळ पुढे गेला.

"अरे, डावीकडे होतं ना?"

"तिकडं मंडप आहे ना ताई."

"तो गणपतीचा होता रे. कधीच निघाला."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "राहू द्या, आता गेलो पुढं." पाच-सात मिनिटांचा वळसा पडला आणि त्या गल्लीच्या दुसऱ्या तोंडावरून जाताना आम्ही दोघांनीही मान वाकडी करून आत बघितलं. मंडपाचं नाव नव्हतं. गल्लीच्या मधोमध विटांचा स्टंप लावून पाच-सहा पोरं क्रिकेट खेळत होती.

"बघा," तो म्हणाला, "बंदच आहे."